ख्रिस्ताचा चेहरा आणि चित्रपटाचा पडदा

चित्रपटकलेचा जन्म आणि येशू ख्रिस्ताचे पडद्यावरील आगमन यांत फार अंतर नाही. लुमिएर बंधूंनी १८९५ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये तिकीट लावून पहिला जाहीर खेळ केला आणि १८९८ पर्यंत त्यांच्याच संस्थेने ख्रिस्ताचे जीवन व दुःखसहन तेरा छोट्या दृश्यांत चित्रित केले होते. पुढे पाथे या फ्रेंच कंपनीने त्याच विषयावर वाढत जाणारी दृश्यमालिका काढली, आणि १९१२ मध्ये सिडनी ऑल्कॉट या दिग्दर्शकाने इजिप्त व पॅलेस्टाइनमध्ये प्रत्यक्ष जाऊन ‘फ्रॉम द मेंजर टू द क्रॉस’ हा चित्रपट घडवला. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या चित्रपट परीक्षण मंडळाने मात्र आरंभी जे दोनच ठाम नियम केले, त्यांपैकी एक नग्नतेला मज्जाव करणारा होता आणि दुसरा ख्रिस्ताची व्यक्तिरेखा पडद्यावर साकारण्यास मज्जाव करणारा होता. दाखवण्याची ओढ आणि झाकण्याचा आग्रह या दोन प्रवृत्ती अशा रीतीने एकाच वेळी जन्माला आल्या आणि आजपर्यंत त्यांचा वाद मिटलेला नाही.

या वादाचे मूळ चित्रपटाच्या कितीतरी आधीचे आहे. इ. स. ४५१ मध्ये खाल्सेदोन येथे भरलेल्या धर्मपरिषदेने असे ठरवले की येशू ख्रिस्त पूर्णपणे देव आहे आणि पूर्णपणे मनुष्यही आहे, आणि या दोन स्वभावांची सरमिसळ होत नाही व त्यांची फाटाफूटही होत नाही. शब्दांत हा सिद्धान्त मांडता येतो, परंतु कॅमेऱ्यासमोर उभा राहतो तो एक नट, आणि नटाच्या देहातून मनुष्यपण जितक्या सहजतेने दिसते तितक्या सहजतेने देवपण दिसत नाही. ही अडचण कशी सोडवावी याविषयी दोन भूमिका संभवतात. त्यांना येथे ‘दर्शनपक्ष’ आणि ‘आवरणपक्ष’ अशी नावे देऊन, शास्त्रग्रंथांतील खंडन-मंडनाच्या रीतीने, परस्परांसमोर उभे केले आहे. पवित्र व्यक्तीचा चेहरा पडद्यावर यावा असे पहिल्या पक्षाचे मत आहे, तर तो झाकलेला असावा असे दुसऱ्याचे.

आवरणपक्ष: चित्रकाराने काढलेले चित्र आपण चित्र असल्याचे लपवीत नाही, रंगांचे थर, कुंचल्याचे फटकारे आणि शैली यांवरून ती एका माणसाची कल्पना आहे हे पाहणाऱ्याला सतत कळत असते. छायाचित्रणाचा दावा वेगळा असतो, कारण भिंगासमोर जे होते तेच फिल्मवर उमटले अशी पाहणाऱ्याची समजूत असते. एखाद्या नटाचा चेहरा ख्रिस्त म्हणून दाखवला की ती कल्पना न राहता साक्ष बनते, आणि ती साक्ष खोटी असते. विल्यम वायलर यांनी १९५९ च्या ‘बेन-हर’मध्ये हे ओळखले होते. त्या चित्रपटात साखळदंडांनी जखडलेल्या यहूदा बेन-हरला नासरेथ गावात पाणी नाकारले जाते, आणि एक सुतार पुढे येऊन त्याला पाणी पाजतो. रोमी अधिकारी त्याला अडवायला धावतो, पण समोरच्या चेहऱ्याकडे पाहताच थबकतो आणि गोंधळून मागे सरतो. प्रेक्षकाला दिसते ती सुताराची पाठ आणि अधिकाऱ्याची अवस्था. क्लॉड हीटर या ऑपेरा-गायकाने केलेली ती भूमिका संपूर्ण चित्रपटात समोरून दिसतच नाही, आणि म्हणूनच तिचा प्रभाव टिकतो. सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या तंत्राने बनलेला पहिला कथापट ‘द रोब’ यानेही १९५३ मध्ये हाच संयम पाळला होता.

दर्शनपक्ष: प्रसंग परिणामकारक आहे हे मान्य, परंतु त्यातून जो ख्रिस्त उभा राहतो तो धर्मसिद्धान्तातील ख्रिस्त आहे का, हे तपासायला हवे. आठव्या शतकात बायझंटाइन साम्राज्यात पवित्र चित्रे नष्ट करण्याची मोहीम चालली असताना दमास्कसचे संत योहान यांनी असा युक्तिवाद केला होता की अदृश्य देवाचे चित्र काढता येत नाही हे खरे, पण त्या देवाने मनुष्यदेह धारण केल्यावर त्या देहाचे चित्र काढणे गैर ठरत नाही, उलट ते नाकारणे म्हणजे देहधारणच नाकारणे होय. ७८७ मध्ये निकाया येथील दुसऱ्या परिषदेने हाच विचार स्वीकारला आणि चित्राला दिलेला मान चित्रातल्या व्यक्तीला पोहोचतो असे म्हटले. ख्रिस्ताचा देह केवळ भास होता असे मानणारा एक पंथ आरंभीच्या शतकांत होता आणि ख्रिस्तसभेने त्याला पाखंड ठरवले. ‘बेन-हर’मधला पाठमोरा ख्रिस्त नकळत त्याच पंथाच्या वाटेने जातो, कारण त्याला आवाज नाही आणि त्याची शिकवण ऐकू येत नाही, तो पाणी पाजतो, लोकांना स्तब्ध करतो आणि निघून जातो. शुभवर्तमानांतला येशू जेवतो, थकतो, रागावतो, मित्राच्या मृत्यूने रडतो. इतके ज्याच्याबाबत घडते, त्याला चेहरा नाकारण्याचे कारण काय?

आवरणपक्ष: योहानांचा युक्तिवाद पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेतील आयकॉनला, म्हणजे ठरावीक नियमांनी लाकडी फळीवर रंगवलेल्या पूज्य चित्राला, लागू होतो. आयकॉन रंगवणारा उपवास व प्रार्थना करून कामाला बसतो, समोर माणूस बसवून त्याचे हुबेहूब रूप घेत नाही, पार्श्वभूमी सोनेरी ठेवतो आणि चेहरा मुद्दाम या जगातल्या प्रमाणांपासून थोडा दूर नेतो. चित्रपटात याच्या उलट घडते. सेसिल बी. डिमिल यांनी १९२७ मध्ये ‘द किंग ऑफ किंग्ज’ काढला तेव्हा येशूची भूमिका करणारे एच. बी. वॉर्नर आणि त्याची आई मरिया हिची भूमिका करणाऱ्या डोरोथी कमिंग यांना खासगी आयुष्यातील वागणुकीबाबत करार करावे लागले होते. चेहरा उसना असल्याची कबुलीच त्या करारांत आहे, कारण नटाचे उद्याचे वर्तन कालच्या ख्रिस्ताला डागाळू शकेल ही भीती त्यामागे होती. १९६५ च्या ‘द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड’मध्ये तर वधस्तंभाजवळचा रोमी शताधिपती म्हणून जॉन वेन दिसतात, आणि प्रेक्षकाचे लक्ष गोल्गोथा या वधस्थळावरून उडून थेट वेस्टर्नपटांकडे जाते.

दर्शनपक्ष: त्याच डिमिल यांच्या चित्रपटात येशूचे पहिले दर्शन कसे घडते, हेही सांगायला हवे. चित्रपट सुरू होतो तो मग्दालिया मरियेच्या ऐश्वर्याने. ती झेब्रे जुंपलेल्या रथातून निघते, आणि यात धर्मापेक्षा हॉलिवूडच अधिक आहे, हे कबूल. परंतु येशू प्रथम दिसतो तो एका आंधळ्या मुलीच्या डोळ्यांतून. पडदा काळोखा असतो, हळूहळू प्रकाश झिरपतो आणि तिला दृष्टी येता येता तिच्या नजरेसमोर जो पहिला चेहरा आकार घेतो तो त्याचा असतो. येथे दिग्दर्शक चेहरा दाखवतो, पण तो प्रेक्षकाच्या आयत्या नजरेला न देता जिच्या बाबतीत चमत्कार घडला तिच्या नजरेला देतो. पाहण्याला किंमत मोजावी लागते हे यातून सांगितले जाते. असे दर्शन उथळ म्हणता येणार नाही.

दोन्ही पक्षांनी दिलेली ही उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली की त्यांच्या रचनेतील साम्य लक्षात येते. वायलर यांनी चेहरा झाकला आणि डिमिल यांनी तो दाखवला, परंतु दोघांनीही पावित्र्याचा भार ख्रिस्ताच्या चेहऱ्यावर न टाकता त्याला पाहणाऱ्या दुसऱ्या माणसावर टाकला. या साम्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल. तत्पूर्वी चेहरा कोणाचा, हा प्रश्न उपस्थित होतो.

आवरणपक्ष: चेहरा दाखवायचा म्हटले की तो कोणत्या तरी वंशाचा, वर्णाचा आणि वयाचा असणार. पहिल्या शतकातील गालीलातल्या यहुद्याच्या जागी पाश्चात्त्य चित्रपटांनी अनेक दशके गोरा, बहुधा निळ्या डोळ्यांचा पुरुष उभा केला. १९६१ च्या ‘किंग ऑफ किंग्ज’मधील जेफ्री हंटर आणि १९७७ च्या फ्रँको झेफिरेल्लींच्या ‘जीझस ऑफ नाझरेथ’ या दूरदर्शन-मालिकेतील रॉबर्ट पॉवेल ही त्याची ठळक उदाहरणे. पॉवेल यांची छायाचित्रे पुढे भाविकांच्या घरांत देवचित्रे म्हणून लागली. महाराष्ट्रात प्रभातच्या ‘संत तुकाराम’मुळे विष्णुपंत पागनीस यांचा चेहरा तुकोबांच्या चेहऱ्याशी असाच एकरूप झाला. प्रत्येकाच्या मनात ज्याचे रूप वेगळे असते त्या पवित्र पुरुषाला चित्रपट एकच रूप चिकटवतो आणि बाकीच्या रूपांची जागा व्यापतो.

दर्शनपक्ष: एका चेहऱ्याच्या मक्तेदारीवर उपाय म्हणून सगळेच चेहरे झाकायचे की अनेक चेहरे दाखवायचे? ख्रिस्ती परंपरेने बहुतेक वेळा दुसरा मार्ग निवडला आहे. गोव्यातील राशोल येथे १६१६ मध्ये छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तचरित्र मराठी ओवीत आणले. मूळचे गोव्याचे आणि पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढणारे आंजेलो द फोन्सेका यांनी मरियेला साडी नेसवली, आणि त्यासाठी स्वधर्मीयांचाच रोष पत्करला. चित्रपटातही हेच घडत आले आहे. ए. भीमसिंग यांनी १९७८ च्या ‘करुणामयुडु’ या तेलुगू चित्रपटात, जो हिंदीत ‘दयासागर’ या नावाने पोहोचला, विजयचंदर यांना येशू केले आणि पौराणिक चित्रपटाच्या परिचित भाषेत ती कथा सांगितली. २००६ च्या ‘सन ऑफ मॅन’ने येशूला आजच्या आफ्रिकेतील वस्तीत जन्माला घातले, तर २०२० च्या ‘द न्यू गॉस्पेल’मध्ये मिलो राऊ या दिग्दर्शकाने इटलीतील स्थलांतरित शेतमजुरांसाठी लढणारे कॅमेरूनचे इव्हान सान्ये यांना ती भूमिका दिली. चेहरे जितके अधिक, तितका कोणताही एक चेहरा अंतिम ठरण्याचा धोका कमी.

याबाबतीत मुंबईचा दाखला विशेष बोलका आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला, आणि तो पाहताना त्यांच्या मनश्चक्षूंसमोर राम व कृष्ण, गोकुळ व अयोध्या हे सारे येत राहिले, असे त्यांनी स्वतःच पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखांत नमूद केले आहे. त्या अनुभवातून १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आणि पुढचे ‘लंकादहन’, ‘कालियामर्दन’ हे पट जन्मले. दर्शनपक्ष या घटनेचा अर्थ असा लावील की एका धर्माच्या दर्शनातून दुसऱ्या धर्माच्या दर्शनाची प्रेरणा मिळाली. आवरणपक्षाला त्याच घटनेत वेगळे काही दिसेल: पडद्यावर चेहरा ख्रिस्ताचा होता आणि पाहणाऱ्याला दिसला कृष्ण. पाहणारा जे सोबत आणतो त्यावर दर्शन अवलंबून असते, हे दोन्ही अर्थांना समान आहे.

दर्शनपक्ष: या वादात निर्णायक ठरावा असा एक चित्रपट आहे. पिएर पाओलो पासोलिनी हे मार्क्सवादी आणि स्वतःला नास्तिक म्हणवणारे कवी-दिग्दर्शक होते. १९६३ मध्ये ‘ला रिकोत्ता’ या लघुपटासाठी त्यांच्यावर राज्यधर्माच्या अवमानाचा खटला झाला होता, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ‘संत मत्तयकृत शुभवर्तमान’ पडद्यावर आणून ते पोप तेविसावे योहान यांच्या स्मृतीस अर्पण केले. येशूच्या भूमिकेसाठी त्यांनी नट न घेता एन्रिके इराझोकी हा एकोणीस वर्षांचा स्पॅनिश विद्यार्थी घेतला. उतारवयातील मरियेची भूमिका पासोलिनींच्या आईने केली. यरुशलेमच्या जागी दक्षिण इटलीतील मातेरा हे दगडी, दरिद्री गाव आले. आणि संवाद मत्तयाच्या मजकुराबाहेर गेले नाहीत. डोंगरावरील प्रवचनात पडदाभर फक्त त्या तरुणाचा चेहरा असतो, मागचे आकाश आणि प्रकाश बदलत जातात आणि तो घाईघाईने, जणू वेळ थोडा आहे अशा रीतीने बोलत राहतो. गोड हसणारा, दीर्घ पापण्यांचा ख्रिस्त पाहण्याची सवय लागलेल्यांना हा संतापी, भुकेला ख्रिस्त धक्का देतो. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला विशेष परीक्षक पुरस्कार मिळाला, कॅथलिक चित्रपट-संघटनेनेही त्याला गौरवले आणि २०१४ मध्ये व्हॅटिकनच्या दैनिकाने त्याला ख्रिस्तावरील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हटले. नास्तिकाने दाखवलेला चेहरा श्रद्धावानांनी स्वीकारला, याहून मोठे प्रमाण कोणते?

आवरणपक्ष: पासोलिनींची थोरवी मान्य आहे, परंतु ती चेहरा दाखवण्यात जेवढी आहे तेवढीच तो दूर ठेवण्यातही आहे. चित्रपटाच्या आरंभी मरिया आणि योसेफ एकमेकांसमोर उभे असतात. ती गरोदर आहे, तो संशयाने व्याकूळ आहे, आणि कोणी एक शब्द बोलत नाही. पुढे येशूवर खटला चालतो तेव्हा कॅमेरा गर्दीतल्या एखाद्या घाबरलेल्या शिष्यासारखा लांब उभा राहतो, पुढच्या माणसांची डोकी मध्ये येतात, हातात धरलेले यंत्र हलते आणि येशू धड दिसतही नाही. म्हणजे जो दिग्दर्शक प्रवचनाच्या वेळी अगदी जवळ गेला, तोच दुःखसहनाच्या वेळी मागे सरला. जेथे शिकवण आहे तेथे दर्शन आणि जेथे रहस्य आहे तेथे आवरण, असा विवेक त्यात आहे. आवरणपक्षाला याहून अधिक काही नको.

दर्शनपक्ष: एवढे मान्य करायला हरकत नाही. परंतु दुःखसहनाकडे पाठ फिरवणे हा नियम झाला तर ख्रिस्ती धर्मातील मध्यवर्ती घटनाच अदृश्य होईल.

आवरणपक्ष: ती पूर्णपणे दृश्य केल्यावर काय होते, हे मेल गिब्सन यांच्या २००४ च्या ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’मध्ये दिसले. येशूच्या आयुष्यातील अखेरचे बारा तास अरामी, हिब्रू आणि लॅटिन भाषांतून दाखवणाऱ्या या चित्रपटाने जगभरात साठ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. त्यातला फटक्यांचा प्रसंग इतका दीर्घ आणि तपशीलवार आहे की देह हाच त्याचा विषय होऊन बसतो, आणि ज्या पुनरुत्थानावाचून ख्रिस्ती श्रद्धेला अर्थ उरत नाही, त्याला अखेरची काही क्षणचित्रे मिळतात. शुभवर्तमाने फटक्यांचा उल्लेख जवळजवळ एका क्रियापदात उरकतात. गिब्सन यांनी बरेच तपशील जर्मन साध्वी ॲन कॅथरिन एमेरिक यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या दृष्टान्त-वर्णनांतून घेतले. जे मूळ ग्रंथांनी संयमाने झाकले ते चित्रपटाने उघडे केले, आणि दर्शनाचा तर्क शेवटपर्यंत नेला की तो येथेच पोहोचतो.

दर्शनपक्ष: गिब्सन यांच्या चित्रपटात एक सत्य आहे, ते असे की वधस्तंभ हे दागिन्यावरचे नक्षीकाम नसून रोमी साम्राज्याचे छळाचे साधन होते, अनेक भाविकांना ते प्रथमच जाणवले. परंतु त्याचा गंभीर दोष वेगळाच आहे. एक चेहरा निष्कलंक दाखवायचा तर त्याच्यासमोर कोणता तरी चेहरा दोषी दाखवावा लागतो, आणि शतकानुशतके तो चेहरा यहुद्यांचा होता. दुःखसहनाच्या नाटकांनी युरोपात यहूदीद्वेष पेटवल्याचा इतिहास आहे. म्हणूनच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात स्पष्ट केले की ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येत नाही, आणि १९८८ मध्ये अमेरिकेतील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने अशा सादरीकरणांसाठी निकषही प्रसिद्ध केले. डिमिल यांना १९२७ मध्येच यहुदी संघटनांच्या निषेधानंतर मजकूर बदलून दोष एकट्या कयफा या मुख्य याजकावर ठेवावा लागला होता. गिब्सन यांनी कयफाला आणि जमावाला ज्या रीतीने रंगवले त्यावर यहुदी संघटनांनी आणि अनेक ख्रिस्ती अभ्यासकांनीही आक्षेप घेतला. तेव्हा दर्शनपक्षाला एक जबाबदारी स्वीकारावी लागते: ख्रिस्ताचा चेहरा दाखवणाऱ्याने त्याच्या भोवतीच्या प्रत्येक चेहऱ्याचाही न्याय केला पाहिजे.

आवरणपक्ष: मग मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या १९८८ च्या ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट’बद्दल काय म्हणावे? तेथे देहाच्या जखमांपेक्षा मनाच्या इच्छा उघड्या केल्या आहेत.

दर्शनपक्ष: तो चित्रपट शुभवर्तमानांवर आधारित नाही असे त्याच्या आरंभीच सांगितले आहे; त्याचा आधार निकोस काझान्झाकिस या ग्रीक लेखकाची कादंबरी आहे, जी १९५४ मध्ये व्हॅटिकनच्या निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत गेली होती. वधस्तंभावर असलेल्या येशूला अखेरचा मोह पडतो तो सत्तेचा किंवा संपत्तीचा नसून साध्या संसाराचा असतो. एक देवदूत भासणारी मुलगी त्याला खाली उतरवते, तो लग्न करतो, मुलाबाळांत म्हातारा होतो, आणि शेवटी हा मोह असल्याचे ओळखून तो नाकारतो व पुन्हा वधस्तंभावर परततो. नव्या करारातील इब्री लोकांस पत्र सांगते की ख्रिस्ताला सर्व बाबतींत इतर माणसांसारखे मोह झाले, पण त्याच्या हातून पाप घडले नाही. मोह खरा नसेल तर त्यावरचा विजयही खरा नव्हे. खाल्सेदोनच्या सिद्धान्तातला ‘पूर्णपणे मनुष्य’ हा अर्धा भाग इतक्या गांभीर्याने घेणारे चित्रपट थोडेच आहेत.

आवरणपक्ष: अर्धा भाग घेतला हीच तक्रार आहे. विलेम डॅफो यांनी उभा केलेला तो येशू आपण कोण आहोत याविषयी इतका साशंक आहे की ‘पूर्णपणे देव’ हा दुसरा अर्धा भाग कोठे राहिला हे कळत नाही. तरीही ही तक्रार चर्चेची आहे, बंदीची नव्हे.

येथे दोन्ही पक्ष एकत्र येतात, कारण आवरण हा कलेचा निर्णय असू शकतो, पण तो बळाने लादला की त्याचा अर्थच पालटतो. स्कॉर्सेसींचा हा चित्रपट चालू असताना २२ ऑक्टोबर १९८८ रोजी पॅरिसमधील सां-मिशेल चित्रपटगृहाला अतिरेकी धर्मवाद्यांनी आग लावली आणि अनेक प्रेक्षक जखमी झाले. चिलीने त्यावर बंदी घातली. आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने २००१ मध्ये ही पूर्व-सेन्सॉरशिप अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करणारी ठरवली. त्याआधी रोबेर्तो रोस्सेलिनी यांच्या ‘द मिरॅकल’ या लघुपटावरून अमेरिकेत मोठा वाद झाला होता. त्यात अन्ना मान्यानी यांनी साकारलेली एक भोळी, गरीब स्त्री एका वाटसरूला संत योसेफ समजते आणि गरोदर राहिल्यावर तो देवाचा प्रसाद मानते. न्यूयॉर्क राज्याने ‘धर्मविटंबना’ म्हणून त्याचा परवाना रद्द केला, परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये तो निर्णय रद्द ठरवताना चित्रपटालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे असे सांगितले आणि याच न्यायालयाचा १९१५ चा विरुद्ध निवाडा मागे पडला. चित्रपटमाध्यमाला तेथे विचाराचे वाहन म्हणून कायदेशीर प्रतिष्ठा मिळाली ती एका धार्मिक कथेमुळे. विडंबनाची गोष्टही अशीच पाहण्याजोगी आहे. १९७९ च्या ‘लाइफ ऑफ ब्रायन’ला आयर्लंडमध्ये अनेक वर्षे आणि नॉर्वेत काही काळ बंदी होती, परंतु त्यात थट्टा आहे ती चुकून प्रेषित ठरवल्या गेलेल्या ब्रायनची आणि त्याच्यामागे धावणाऱ्या आंधळ्या जमावाची. येशू त्यात प्रवचन देताना अगदी गंभीरपणे दाखवला आहे. मागे उभ्या असलेल्यांना ते धड ऐकू येत नाही, विनोद एवढाच.

आवरणपक्ष: ख्रिस्त बाजूला ठेवून संतांकडे वळले तर आवरणाचा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. कार्ल थिओडोर ड्रायर यांच्या १९२८ च्या ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’मध्ये देव, देवदूत, दृष्टान्त यांतले काहीच दिसत नाही. १४३१ च्या खटल्याच्या नोंदींवर आधारलेल्या त्या चित्रपटात मारिया फाल्कोनेत्ती यांचा रंगभूषेविना टिपलेला चेहरा अत्यंत जवळून दिसतो, आणि जोनला जे दिसते ते प्रेक्षकाला तिच्या डोळ्यांतल्या बदलावरून कळते.

दर्शनपक्ष: म्हणजे अखेर चेहराच, आणि तोही चित्रपटाच्या इतिहासातल्या सर्वांत उघड्या चेहऱ्यांपैकी एक.

आवरणपक्ष: चेहरा भक्ताचा आहे, देवाचा नव्हे.

दर्शनपक्ष: ख्रिस्ती धर्माचा दावाच असा आहे की एका विशिष्ट माणसाच्या बाबतीत हा भेद पुसला गेला. तेव्हा भक्ताच्या चेहऱ्यावर देव दिसू शकतो हे मान्य केल्यावर येशूच्या भूमिकेतील माणसाच्या चेहऱ्यावर तो दिसणारच नाही, असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

या प्रश्नाला आवरणपक्षाचे उत्तर पुन्हा स्कॉर्सेसी यांच्याकडूनच येते. १९८८ मध्ये ख्रिस्ताचे मन उघडे करणाऱ्या याच दिग्दर्शकाने २०१६ मध्ये शुसाकु एंदो यांच्या कादंबरीवरून ‘सायलेन्स’ काढला. सतराव्या शतकातील जपानमध्ये ख्रिस्ती धर्माला बंदी होती आणि संशयितांना ख्रिस्ताची प्रतिमा कोरलेल्या ‘फुमिए’ नावाच्या पट्टीवर पाय ठेवायला लावीत. चित्रपटातील पोर्तुगीज धर्मगुरूपुढे पेच असा आहे की त्याने पाय ठेवला तर छळले जाणारे इतर ख्रिस्ती वाचतील. या चित्रपटात ख्रिस्त कोणा नटाच्या रूपाने येत नाही. तो तुडवल्या जाणाऱ्या प्रतिमेत आहे, आणि त्या प्रतिमेशी तो धर्मगुरू काय करतो यात आहे. एकाच दिग्दर्शकाच्या दोन चित्रपटांत दोन्ही पक्षांचा पुरावा सापडावा, हे या वादाचे स्वरूप सांगणारे आहे.

‘बेन-हर’मधला थबकणारा रोमी अधिकारी, डिमिल यांची दृष्टी लाभलेली मुलगी, पासोलिनींच्या खटल्यातील गर्दीत उभी असलेली नजर, ड्रायर यांची जोन आणि ‘सायलेन्स’मधला धर्मगुरू यांची उदाहरणे एकत्र पाहिली तर मघाशी लक्षात आलेल्या साम्याचा अर्थ उलगडतो. कॅमेरा देहाचे चित्रण करतो, म्हणून खाल्सेदोनच्या सिद्धान्तातील मनुष्यपण त्याला थेट दाखवता येते आणि ते दाखवण्यात संकोच करण्याचे कारण नाही. याबाबतीत दर्शनपक्षाचे म्हणणे ग्राह्य धरावे लागते. देवपण मात्र देहाच्या पृष्ठभागावर तेजोवलय, निळे डोळे किंवा संथ हालचाली यांनी चिकटवता येत नाही. ते दुसऱ्या कोणामध्ये घडून आलेला बदल म्हणूनच चित्रित होऊ शकते, आणि त्या बदलाला जागा मिळावी म्हणून चित्रपटाने काही तरी झाकून ठेवणे भाग असते. याबाबतीत आवरणपक्ष बरोबर आहे. ज्या चित्रपटांनी सारे काही ख्रिस्ताच्याच रूपावर किंवा त्याच्याच जखमांवर लादले, त्यांतले दर्शन भव्य असूनही एकांगी राहिले.

तरीही दोघांमधला मूळ मतभेद शिल्लक राहतो आणि तो कोणत्याही शैलीने मिटणारा नाही. पाहणाऱ्यात घडलेला बदल हा देवपणाचा पुरावा आहे की केवळ पाहणाऱ्याची श्रद्धा आहे, हे चित्रपट ठरवू शकत नाही. वायलर यांचा अधिकारी एका सुताराच्या नजरेतील धैर्याने थबकला असेही म्हणता येते आणि देवाच्या सान्निध्याने थबकला असेही म्हणता येते. शुभवर्तमानांतही येशूला प्रत्यक्ष पाहणाऱ्यांपैकी काहींनी त्याला मशीहा मानले, काहींनी गुन्हेगार, तर त्याच्याच गावच्या लोकांनी सुताराचा मुलगा म्हणून त्याला झिडकारले. त्या साक्षीदारांना जी मोकळीक होती तीच प्रेक्षकाला देणारा चित्रपट, मग त्यात चेहरा दिसो वा न दिसो, आपल्या विषयाशी प्रामाणिक राहतो, आणि ती हिरावून घेणारा चित्रपट, मग तो कितीही भक्तिभावाने बनवलेला असो, प्रेक्षकाकडून श्रद्धेऐवजी केवळ संमती मिळवतो.